विवाहाविना सहजीवन : कायद्याचे देणे आणि बँकेच्या खिडकीवरचे वास्तव

कावेरीकाठचे कुंभकोणम मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तंजावरच्या भोसले राजघराण्याच्या छायेत या परिसरात मराठी कुटुंबे स्थिरावली आणि त्यांची तमिळमिश्रित मराठी बोली आजही काही घरांतून ऐकू येते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. त्यांचेच आप्त दिवाणबहादूर आर. रघुनाथराव यांनी दक्षिणेत विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी आयुष्य वेचले. पितळी समया, विड्याची पाने, महामहम तीर्थ आणि १९०४ साली स्थापन झालेल्या एका बँकेचे मुख्यालय असलेले हे गाव जुन्या वळणाचे मानले जाते. तथापि विवाह कशाला म्हणावे आणि विवाहावाचून एकत्र राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. तंजावरच्या राजवाड्यात विधिवत विवाह न होता खड्गाच्या साक्षीने राजाशी जोडल्या गेलेल्या स्त्रिया होत्या. त्यांच्या संततीच्या हक्काचा वाद विसाव्या शतकात मद्रास उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता.

आज हा प्रश्न राजवाड्यातून साध्या घरात आणि तेथून बँकेच्या शाखेत आला आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. कुंभकोणमचे एक निवृत्त गृहस्थ विधुर आहेत. घर त्यांच्या नावावर आहे, दहा लाख रुपयांची मुदत ठेव आहे आणि एकुलता एक मुलगा नेदरलँड्समध्ये ॲमस्टेलवेन येथे नोकरीस आहे. त्यांच्यासह गेली आठ वर्षे एक विधवा भगिनी राहतात. त्यांचे पती टपाल खात्यात होते, मुलगी विवाहित आहे आणि त्यांना कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळते. दोघांनी विवाह केलेला नाही. त्याचे कारण समाजाची भीती हे नाही, तर निवृत्तिवेतनाचा नियम हे आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार विधवेचे कौटुंबिक निवृत्तिवेतन सामान्यतः पुनर्विवाह होताच थांबते. अपत्यहीन विधवेला मात्र उत्पन्नाच्या अटीवर ते पुढे चालू राहू शकते. म्हातारपणी सोबत हवी, पण दरमहाचा हक्काचा पैसा जाऊ नये, अशा पेचात सापडलेल्यांना दोष देण्यापूर्वी हा नियम ध्यानात घ्यावा. पुण्यात २०१२ मध्ये माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ काढले, त्यावरून ही गरज कुंभकोणमपुरती नाही हे दिसते.

या दोघांचे कायद्यातील स्थान काय? उत्तर एका वाक्यात देता येत नाही. भारतात अशा सहजीवनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जे काही हक्क आहेत ते निरनिराळ्या कायद्यांच्या आणि निवाड्यांच्या झरोक्यांतून आलेले आहेत. एका झरोक्यातून प्रकाश येतो, म्हणून दुसऱ्यातूनही येईल असे समजणे धोक्याचे आहे.

गुन्हा नाही, पण विवाहही नाही

दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहावाचून एकत्र राहणे हा गुन्हा नाही. तामिळनाडूतच उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी हे निःसंदिग्धपणे सांगितले. अभिनेत्री खुशबू यांनी २००५ साली एका नियतकालिकाला विवाहपूर्व संबंधांविषयी मत दिले होते आणि त्यावरून त्यांच्यावर अनेक फौजदारी तक्रारी गुदरल्या होत्या. न्यायालयाने त्या सर्व रद्द केल्या. समाजातील काहींना एखादी गोष्ट अनैतिक वाटणे आणि ती कायद्याने गुन्हा असणे यांत अंतर आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

परंतु गुन्हा नसणे म्हणजे हक्क असणे नव्हे. येथे तामिळनाडूच्या इतिहासातील एक प्रकरण बोलके आहे. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीत १९२८ पासून पुरोहित आणि होमहवन यांविना विवाह होऊ लागले. वधूवरांनी आप्तेष्टांसमोर हार घालावेत, शपथ घ्यावी, की विवाह झाला. हजारो जोडप्यांनी असे संसार थाटले. १९५३ साली मात्र मद्रास उच्च न्यायालयाने देवनै आची खटल्यात असा विवाह हिंदू कायद्यानुसार वैध नाही असे ठरविले. ज्यांनी स्वतःला पती-पत्नी मानले, ज्यांना गावानेही तसेच मानले, ते कायद्याच्या लेखी एका निकालासरशी अविवाहित ठरले. त्यांच्या मुलांचा वारसाही धोक्यात आला. हा दोष दूर होण्यास चौदा वर्षे लागली. सी. एन. अण्णादुराई यांच्या सरकारने १९६७ साली हिंदू विवाह अधिनियमात कलम ७-अ घातले आणि ते जानेवारी १९६८ पासून अमलात आले. पूर्वी झालेले असे विवाहही त्याने वैध ठरविले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखालील विवाहाला सार्वजनिक समारंभाची आवश्यकता नाही असाही निर्वाळा दिला. म्हणजे तामिळनाडूतील हिंदू जोडप्याला मोजक्या माणसांसमोर, कोणत्याही धार्मिक विधीवाचून विवाहबद्ध होता येते. विधींचा तिटकारा एवढेच कारण असेल, तर या राज्यात विवाह टाळण्याची गरज नाही.

लोक ज्यांना पती-पत्नी समजतात

विवाहाचा पुरावा नाही, पण दोघे दीर्घकाळ पती-पत्नीप्रमाणे राहिले, अशा वेळी न्यायालये विवाह झालाच असावा असे गृहीत धरतात. हे तत्त्व जुने आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२७ आणि १९२९ च्या निर्णयांत ते मांडले. १९७८ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठापुढे सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याचे प्रकरण आले. अर्ध्या शतकानंतर विवाहाच्या साक्षीदारांची मागणी करणे न्यायालयाला मान्य झाले नाही. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११४ चा आधार या गृहीतकाला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ ने घेतली आहे. केरळमधील एका कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच गृहीतकाच्या आधारे मुलाला वडिलांच्या वाट्याचा हक्क मिळवून दिला.

हे गृहीतक खंडनीय आहे. विवाह झालाच नव्हता असे विरुद्ध पक्षाने सबळ पुराव्याने दाखविले, तर ते कोसळते. यातूनच एक विपरीत परिणाम होतो. ज्यांनी गावाला आपण पती-पत्नी आहोत असे भासविले, त्यांना गृहीतकाचा आधार मिळतो. ज्यांनी प्रामाणिकपणे, उघडपणे, कदाचित लेखीही सांगितले की आम्ही विवाह केलेला नाही, त्यांना तो मिळत नाही. आपल्या उदाहरणातील भगिनी निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी पुनर्विवाह न केल्याचा दाखला देत असतील, तर तोच दाखला उद्या त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरेल.

विवाहसदृश संबंध

दुसरा झरोका कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा होय. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात विवाहाबरोबरच ‘विवाहाच्या स्वरूपाचे संबंध’ हे शब्द आले, आणि भारतीय कायद्याने अशा स्त्रीची प्रथमच उघडपणे दखल घेतली. तिला संरक्षणाचा आदेश, आर्थिक साहाय्य आणि सामाईक घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

या शब्दांचा अर्थ लावण्याचा प्रसंगही तामिळनाडूतूनच आला. कोइमतूरच्या कौटुंबिक न्यायालयाने एका स्त्रीला दरमहा ५०० रुपये पोटगी दिली होती. पुरुषाचे म्हणणे असे की त्याचा आधीच दुसरीशी विवाह झालेला आहे. २१ ऑक्टोबर २०१० च्या वेलुसामी निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या सांगितल्या. दोघांनी समाजासमोर जोडीदार म्हणून वावरावे, दोघे विवाहाच्या वयाचे असावेत, अविवाहित असण्यासह विवाहास अन्यथा पात्र असावेत, आणि त्यांनी स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावे. आठवड्याअखेरची भेट किंवा केवळ पैशाने पोसलेला संबंध यांत बसत नाही. २६ नोव्हेंबर २०१३ च्या इंद्रा सरमा निर्णयाने आणखी एक रेषा आखली : पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असताना त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीला हे संरक्षण मिळत नाही. ही रेषा कठोर आहे. अशा संबंधात वर्षानुवर्षे घालविलेली स्त्रीच बहुधा सर्वांत निराधार असते, आणि न्यायालयानेही ही उणीव भरून काढण्याचे काम संसदेवर सोपविले. आपल्या उदाहरणातील दोघे विधुर आणि विधवा असल्याने कसोट्यांत बसतात. त्या गृहस्थांनी उद्या भगिनींना घराबाहेर काढू पाहिले, तर कायदा त्यांच्या बाजूने उभा राहू शकेल.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल उचलू पाहिले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील पत्नीच्या व्याख्येत वाजवी काळ पत्नीप्रमाणे राहिलेल्या स्त्रीचा समावेश करण्याचा प्रस्ताव संमत केला. त्याचा कायदा झाला नाही. पोटगीची ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे आणि तेथे पत्नीची व्याख्या रुंदावलेली नाही. उत्तराखंडात मात्र २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेने सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली आहे. एक महिन्यात नोंद न केल्यास तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. त्याबरोबरच सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगीचा हक्क आणि मुलांना औरसत्वही दिले आहे. हक्काची एवढी किंमत घ्यावी का, यावर मतभेद आहेत.

मुलांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. पोटगीसाठी औरस-अनौरस असा भेद केला जात नाही. आईच्या संपत्तीत अनौरस अपत्यालाही वारसा मिळतो. वडिलांच्या बाबतीत पालकांच्या विवाहाचे गृहीतक सिद्ध करावे लागते. १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निर्णयाने अवैध विवाहातील मुलांना पालकांच्या वाट्याला येणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही हक्क दिला. मात्र विवाहाचा विधीच झालेला नाही, अशा जोडप्याच्या मुलांना त्या निर्णयाचा थेट आधार घेता येत नाही.

मृत्यूनंतर

जोडीदार हयात असेतोवर कायदा निदान ऐकून घेतो, पण मृत्यूनंतर तो गप्प होतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या पुरुषाची संपत्ती प्रथम त्याची मुले, विधवा, आई आदी पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. नंतरच्या वर्गांत भावंडे येतात, दूरचे आप्तही येतात. तीस वर्षे सेवाशुश्रूषा केलेल्या अविवाहित जोडीदाराला या यादीत कोठेही स्थान नाही. आपल्या उदाहरणातील घर आणि ठेव दोन्हींचा वारस ॲमस्टेलवेनचा मुलगा एकटाच होय.

योगायोग असा की तो मुलगाही आपल्या जोडीदारासह विवाहावाचून राहत असेल, तर नेदरलँड्समध्ये त्याची स्थिती फार वेगळी नाही. तेथे सहजीवन समाजमान्य असले तरी नुसते एकत्र राहिल्याने वारसा किंवा पोटगीचा हक्क निर्माण होत नाही. फरक आहे तो उपलब्ध कागदांत. १ जानेवारी १९९८ पासून तेथे नोंदणीकृत सहभागित्व आहे आणि त्याचे परिणाम बहुतांशी विवाहासारखेच आहेत. ते नको असल्यास नोटरीपुढे सहजीवनाचा करार करता येतो. घरखर्च कोणी किती करावा, सामाईक वस्तू कोणाकडे जाव्यात, हे त्यात लिहिले जाते. वारसाकरातील जोडीदाराची सवलत मिळण्यासाठी करार नसल्यास पाच वर्षे एकत्र राहिलेले असावे लागते, नोटरीचा करार असल्यास सहा महिने पुरतात. १ जानेवारी २०२३ पासून अविवाहित पित्याने अपत्याला रीतसर मान्यता दिली की त्याला आईबरोबर पालकत्वाचा अधिकारही आपोआप मिळतो. थोडक्यात, तेथील राज्यव्यवस्था जोडप्याला विचारते, तुमचा कागद कोणता? आपल्याकडे असा तयार कागद नाही, त्यामुळे त्याची जुळणी ज्याची त्याला करावी लागते आणि त्यातील बरेचसे काम बँकेत होते.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे

ठेवीसाठी नामनिर्देशन कोणाच्याही नावे करता येते. तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. २०२४ साली रिझर्व्ह बँकेने समलिंगी जोडीदारांनाही संयुक्त खाते आणि नामनिर्देशन यांत अडथळा नाही असे स्पष्ट केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते, एकाच वेळी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र केवळ क्रमवार पद्धत आहे. आपल्या गृहस्थांना साठ टक्के भगिनींना आणि चाळीस टक्के मुलाला असे लिहिता येईल.

शाखेतील सहकाऱ्यांनी येथे एक पथ्य पाळावे. नामनिर्देशित व्यक्तीशी नाते विचारताना ग्राहकाला अवघडवू नये. ग्राहकानेही नसलेले ‘पत्नी’ हे नाते लिहू नये, कारण ते खोटे ठरले की बाकीच्या कागदांवरही संशय येतो.

पण येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. दहा लाखांच्या ठेवीवर भगिनींचे नाव असले, तर बँक त्यांना रक्कम देईल आणि बँकेची जबाबदारी संपेल. रक्कम त्यांची झाली असे मात्र नाही. आयुर्विमा पॉलिसीबाबत १९८४ च्या सरबती देवी निर्णयाने आणि बँक ठेवींबाबत २०१० च्या रामचंदर तलवार निर्णयाने हे ठरलेले आहे की नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालकी वारसांची राहते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वादात शेअर्सविषयीही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. ‘दोहोंपैकी एक किंवा हयात’ पद्धतीच्या संयुक्त खात्याची गतही तशीच आहे. मागे राहिलेल्याला पैसे काढता येतात, पण ते कोणाचे हे पैसा कोणी भरला यावर ठरते. मुलाने दावा केला, तर भगिनींना दहाच्या दहा लाख परत करावे लागू शकतात. विम्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांना २०१५ पासून लाभार्थी नामनिर्देशिताचा दर्जा आहे, अविवाहित जोडीदार त्यात नाही. भविष्य निर्वाह निधीत तर ज्याला नियमांच्या व्याख्येतील कुटुंब आहे, त्याने कुटुंबाबाहेर केलेले नामनिर्देशनच ग्राह्य होत नाही.

२००८ सालचा विद्याधरी खटला या गुंतागुंतीचे चांगले चित्र देतो. एका मृत कर्मचाऱ्याची पहिली पत्नी हयात होती. दुसरीशी त्याचा संसार होता, तिच्यापासून चार मुले होती आणि निधीवर नामनिर्देशनही तिचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने उत्तराधिकार प्रमाणपत्र दुसरीला दिले, परंतु एक पंचमांश वाटा पहिल्या पत्नीसाठी राखून ठेवण्याच्या अटीवर. उरलेले चार वाटे चार मुलांचे. जिच्या हाती सारी रक्कम आली, तिचा स्वतःचा वाटा शून्य होता.

यावर उपाय मृत्युपत्र हाच. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरेत. स्वकष्टार्जित घर आणि ठेव हवी त्याला देता येते. मुलाला दुखवायचे नसेल तर भगिनींना आजन्म राहण्याचा हक्क आणि त्यांच्या पश्चात घर मुलाला, अशी तजवीजही चालते. ज्येष्ठांच्या बाबतीत हीच बहुधा सर्वांना पटणारी वाटणी ठरेल. साक्षीदार लाभार्थी नसावा आणि शक्यतो वयाने लहान असावा.

हयातीतच रक्कम भेट देण्याचा मोह होतो, तेथे प्राप्तिकराकडे पाहावे. पती-पत्नीमधील भेटीवर घेणाऱ्याला कर लागत नाही. अविवाहित जोडीदार ‘नातेवाईक’ या व्याख्येत नसल्याने वर्षात पन्नास हजारांहून अधिक रक्कम मिळाल्यास ती सर्वच्या सर्व घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेला हा नियम लागत नाही. दोघांनी मिळून घर घेताना खरेदीखतात दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहावा, रक्कम आपापल्या खात्यातून द्यावी. पुढे वाद झाल्यास बँकेचे खातेउतारे हाच पुरावा असतो. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नये, ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते.

दावे निकाली काढण्याबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एकत्रित निर्देश दिले असून पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावयाचा आहे. नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठी सोपी पद्धतही आहे, पण ती कायदेशीर वारसांसाठी. नामनिर्देशन नाही आणि मृत्युपत्रही नाही, अशा खात्यातून अविवाहित जोडीदाराला शाखा व्यवस्थापकाची कितीही सहानुभूती असली तरी काही देता येत नाही.

उलट बाजूही विसरू नये. विवाह मोडला तर न्यायालयाचा हुकूमनामा असतो. सहजीवन संपले तर कोणतीच नोंद होत नाही आणि ठेवीवरील, लॉकरवरील किंवा मृत्युपत्रातील नाव आपोआप पुसले जात नाही. नामनिर्देशन बदलण्याचा अर्ज शाखेत केव्हाही करता येतो. त्यासाठी आधीच्या नामनिर्देशित व्यक्तीची संमती लागत नाही. खाते संयुक्त असेल तर मात्र अर्जावर सर्व खातेदारांच्या सह्या लागतात.